विहिरीच्या तळातली हळद

बहात्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं काम दिलं होतं: जगाचा नकाशा काढून हवामानाचे पट्टे रंगवायचे. माझी शाळा औरंगाबादला, इंग्रजी माध्यमाची. सुट्टी हट्ट्याला, मामाच्या गावी.

ओसरीवर बसून मी विषुववृत्ताला गडद हिरवा भरला. भारत जवळजवळ सगळा पोपटी, मान्सूनचा प्रदेश. मामा वाकून बघत होता.

"ह्याच्यात आपुन कुठं?"

मी पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"अन कोकण?"

तेही पोपटीच.

"रंग तर एकच हाय. मंग आपल्या वाट्याचा पाऊस बी तिकडंच काहून पडून राहिला, बाई?"

मी रंग भरत राहिले.

पावसाळा कोरडा गेला होता. त्या घरात हळद पूर्वीपासून स्वतःच्या शेतातलीच, कधी विकत आणलेली नाही. लागवडीसाठी गड्डे राखून ठेवायचे, ते बेणं. ते शिजवून विकायचं नाही आणि दुसऱ्याच्या दारी मागायचंही नाही, अशी घरची रीत. लावायला ओल नव्हती; ठेवलेलं बेणं सुकायला लागलं. तेव्हा मामीनं त्यातले धड गड्डे निवडून शेतातल्या विहिरीच्या तळाला गाळात पुरले. पाणी आटलं होतं, गाळ तेवढा ओला होता.

मी काठावरून खाली बघितलं. वर सगळं रान राखाडी. खाली सावलीत हळदीची रुंद पानं. आतून गार हवा तोंडावर आली. क्षणभर वाटलं, हा वेगळाच पट्टा आहे.

त्याच आठवड्यात गावातल्या पिण्याच्या विहिरीनं तळ गाठला. मामाच्या विहिरीत सुरुंग लावून पाणी लागतं का बघायचं, असं चावडीवर ठरलं.

"चार दिस थांबा म्हणा की," मामी म्हणाली. "आता कुठं मुळ्या धरल्यात."

"लेकरं पाण्यासाठी रडून राहिलेत, अन तू हळद घेऊन बसतीस?"

"तुमी बी हळदीवरच वाढलात."

मामी पदर खोचून स्वतःच पायऱ्या उतरली. एकेक गड्डा मातीसकट उपटून ती टोपलीत ठेवत होती; मला वरून फक्त तिची पाठ दिसत होती.

दुपारी सुरुंग उडाले. धूळ बसल्यावर माणसं वाकून बघत राहिली. खाली कोरडा काळा दगड होता.

"नाही लागलं पाणी," कुणीतरी म्हणालं, आणि लोक पांगले.

मामीनं टोपलीवर ओलं पोतं टाकलं. पण घरात हंडाभर पाणी, तेही पिण्याचं. पोतं दुसऱ्यांदा भिजलं नाही. माझी सुट्टी संपेपर्यंत पानं सुरळी होऊन पिवळी पडली. मामी रोज गड्डा दाबून बघायची. मग बघायची थांबली.

उन्हाळ्यात मी पुन्हा गेले, तेव्हा मामा वसमतच्या दुकानातून हळदीची पुडी घेऊन आला होता. मामीनं ती हातात धरली, वास घेतला आणि न उघडता फळीवर ठेवून दिली. त्या दिवशी कालवण पांढरंच झालं.