एका कार्डावर दोघं

कोल्हापुरात सिटी बसवर बावीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस मी. माझा माणसांवर किती विश्वास असेल ते तुम्हीच ओळखा. गाडीत चढणाऱ्याचं तोंड मी नंतर बघायचो, आधी पाय. तिकीट बुडवायचं असलं की माणूस दाराकडचा पाय सैल ठेवून उभा राहतो. झोपेचं सोंग घेणारे, माझी चाहूल लागली की शेजाऱ्याला शेतीपाणी विचारणारे, सगळे मला पाठ. शिरोलीच्या एमआयडीसीत पाळी सुटली की गाडीत मुंगीला जागा नसायची, तरी माझ्या हातून बिनतिकिटाचा, आमच्या भाषेत विदाउट, सुटायचा नाही. आणि दुसऱ्याला धरतो म्हटल्यावर आपण साफ पाहिजे, म्हणून मी कुठंही गेलो तरी चढल्या चढल्या आधी तिकीट काढायचो. एकदा सासुरवाडीला शिरोळला जाताना एसटीचा कंडक्टर म्हणाला, "असू दे की पावणं, तुम्ही आमच्यातलंच." त्याच्या हातात मी पैसे कोंबले. नोकरीत दुसरं काही कमावलं नाही, एवढं एक नाव कमावलं होतं.

पोराला दिल्लीत नोकरी लागली तेव्हा तिथं मेट्रो नवी नवी होती. दिवाळीनंतर रजा टाकून आम्ही नवराबायको त्याच्याकडं गेलतो. कामावर जाता जाता त्यानं आमच्या हातात दोन कार्डं ठेवली.

"पैसे भरल्यात आत. दाराजवळच्या मशीनला टेकवायचं, दार उघडतंय. उतरल्यावर परत टेकवायचं."

"आणि पैसे किती कापायचे, ते कोण ठरवतंय?"

"मशीन ठरवतंय की, बाबा."

मला ते काही पटलं नाही. हातात तिकीट नाही, त्याला भोक नाही, समोर माणूस नाही. खिशातनं पैसे जाणार आणि किती गेले ते मशीनलाच माहीत. अशा वेळी शहाण्यानं आपला माल सगळा एका ठिकाणी उघडा ठेवू नये. पोरगा गेल्यावर मी बायकोचं कार्ड काढून घेतलं आणि बॅगेत तिच्या लुगड्यांच्या खाली घातलं.

"माझं का घेतलासा?" ती म्हणाली.

"फसवलं तर एकाचं तरी वाचंल. एकावरच जाऊ दोघं. दोनदा टेकवलं की दोन फुल तिकिटं झाली."

बावीस वर्षं एकाच्या हातातनं पैसे घेऊन मी दोन, चार, सहा तिकिटं फाडत आलो होतो. दोघांचं एकानं काढायचं, ह्यात मला शंकासुद्धा आली नाही.

स्टेशनात मी कार्ड टेकवलं, दार उघडलं, बायकोला पुढं घातली. परत टेकवलं. लाल दिवा लागला. परत टेकवलं, परत लाल. मागं ऑफिसची माणसं खोळंबली आणि 'अंकल, अंकल' करायला लागली. पलीकडं बायको पिशवी पोटाशी धरून उभी. हिंदीचा तिला गंध नाही, परक्या गावात एकटी, माझ्याकडंच बघत होती. मी मनात म्हटलं, बघ, मी म्हणत होतो तेच झालं. मशीननं पैसे गिळले आणि दार काही देत नाही. पैसे तर गेलेत, मग अडायचं कशाला? शेजारच्या दारातनं एक धिप्पाड माणूस चालला होता, त्याच्या पाठीला चिकटून मी आत गेलो.

"झालं न्हवं बरोबर?" बायकोनं विचारलं.

"झालं की."

गाडीत बसल्यावर मी सवयीनं लोकांचे पाय बघत होतो. कुणाचाच पाय सैल नव्हता. कंडक्टर नसलेल्या गाडीत एवढे सगळे साव कसे काय, ह्याचाच मला संशय आला.

उतरल्यावर बायकोच्या हातात कार्ड दिलं. ती टेकवून बाहेर गेली आणि तिनं ते पलीकडनं माझ्याकडं दिलं. मी टेकवलं तर लाल दिवा. ह्या खेपेला शिपायानं बघितलं. त्यानं मला खिडकीवर नेलं. आत पंचविशीतली पोरगी होती. तिनं कार्ड यंत्रावर ठेवलं, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, ह्यावर एक माणूस आत आला आणि एक बाहेर गेला. दुसऱ्याचे पैसे कापलेलेच नाहीत.

म्हणजे मशीननं काही गिळलं नव्हतं. मीच विदाउट आलो होतो.

मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं, ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मी पाकिटातनं खात्याचं ओळखपत्र काढून तिच्यापुढं धरलं. म्हटलं, मी स्वतः कंडक्टर आहे. तिनं ओळखपत्र बघितलं, मला बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "फिर तो आपको पता होगा." आणि दंडाची पावती फाडली. ती ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. लाज वाटली, खरंच सांगतो, आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी.

बाहेर आल्यावर बायकोला बजावलं, "ह्यातलं कोल्हापुरात एक अक्षर बोलायचं न्हाय. पोराला पण न्हाय."

"न्हाय बोलत." ती पायरीवर बसली. मीही बसलो. पिशवी मांडीवर घेत ती म्हणाली, "एक इचारू? औंदा पावसाळ्यात तुम्ही एका बाईला गाडीतनं उतरवल्याचं सांगत हुता. शाहूवाडीकडची, तांदळाचं बोचकं घेतलेली. तिकीट नवऱ्याकडं हाय, त्यो पुढच्या दारानं चढलाय, असं म्हणत हुती ती."

"व्हय."

"मग तुम्ही पुढं जाऊन बघितलंवतं का?"

गर्दी होती, पाऊस होता, असलं बरंच काही तोंडात आलं.

"न्हाय," मी म्हटलं.

पण त्या दिवशी पुढच्या थांब्यावर एक माणूस दोन तिकिटं हातात धरून खाली उतरला आणि पावसात मागं पळत सुटला, ते मी बघितलं होतं. घरी सांगताना तेवढं गाळलं होतं.