कंसातलं नाव

भीमगीताचं शेवटचं कडवं आलं की कवीचं नाव येतंच. तो ते स्वतःच ओळीत ओवतो, म्हणजे कुणाला गाळता येत नाही. नॉटिंगहॅमच्या आमच्या घरात बाबांच्या चळवळीच्या पत्रकांना घड्या घालताना मी ही गाणी ऐकत वाढले. त्यामुळे शेजारच्या इंग्लिश आजींकडे अमेरिकन गाणी लागली की मी शेवटपर्यंत कान देऊन थांबायचे. नाव यायचंच नाही.

"मग हे लिहिलं कुणी?" मी बाबांना विचारलं.

त्यांनी आजींची रेकॉर्ड उजेडात धरली. लेबलवर गायिकेचं नाव ठळक होतं आणि गाण्याखाली, कंसात, मुंगीएवढं एक आडनाव.

"हा बघ. कोपऱ्यात उभा केलाय."

बिननावाचं पत्रक बाबांना भेकडपणा वाटे. आणि दुसऱ्याचं नाव बारीक करून छापणं ही तर चोरीच. त्या दिवसापासून मी कंस वाचते.

तेच आडनाव पुढे कितीतरी रेकॉर्डवर सापडलं. नाटकं, सिनेमे, रेडिओ, जन्मभर तो माणूस गाणी रचत राहिला. गाणारे बदलले, वाद्यं बदलली, कंस तोच. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. घरातल्या रेकॉर्ड काढा आणि तुम्हीच वाचा.

यंदा हॉस्पिटल रेडिओवर, म्हणजे पेशंटसाठी गाणी लावणाऱ्या छोट्या स्टेशनवर, व्हॉलंटियर झाले, तेव्हा मी रविवारचा एक तास फक्त त्याच्यासाठी मागितला. स्टेशन सांभाळणारे गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर. इथल्या जुन्या माणसांसारखे तेही सगळ्यांना लाडाने डक म्हणतात.

"पेशंटना गायक हवा असतो, डक. कंस कोण ऐकतं?"

"ऐकवला तर ऐकतील."

"बरं, एक रविवार. एकही फोन आला नाही, तर पुन्हा फर्माइशी."

प्रत्येक गाण्याआधी मी त्याचं पूर्ण नाव सावकाश घेतलं. सहा गाणी, सहा आवाज, फोन गप्प. त्यांनी दयेने माझ्याकडे बिस्किटं सरकवली. शेवटी मी त्याची स्वतःची रेकॉर्ड लावली. पियानोवर तो एकटा, आवाज फुटका, दम लागलेला.

दुसऱ्या कडव्याला फोन वाजला. हाडांच्या वॉर्डमधल्या बाई होत्या.

"ही सगळी एकाच माणसाची? इस्त्री करताना जन्मभर गायलेय मी ही गाणी. नाव परत सांग, स्पेलिंगसकट. नर्सने पेन दिलंय."

मग एक आजोबा फोनवर भांडायला आले. तिसरं गाणं त्याचं असूच शकत नाही म्हणाले. मी लेबल वाचून दाखवलं.

"असं होय. मग तेच परत लाव."

फोन वाजतच राहिला. तासाच्या अगदी शेवटच्या वाक्यात मी त्याचं नाव ओवलं. घरी ऑनलाइन ऐकणाऱ्या बाबांचा मेसेज आला: "शेवटच्या कडव्यात आलं बरं का."

पुढच्या रविवारी स्टुडिओच्या भिंतीवर नवा कागद होता. गायकाबरोबर लिहिणाऱ्याचंही नाव सांगायचं, सगळ्यांनी, दर वेळी. खाली आमच्या बसड्रायव्हरांची सही, पूर्ण नावाने.