स्प्रिंगा कापल्या आन् गाडी बसली

ग्रुपवरच्या मंडळींनो, रामराम. सुमनताई, गुडघा कसा आहे? रफिकभाई, खोकला थांबला का? माझं मात्र आज काही खरं न्हाई.

वळणावर आमची इलेक्ट्रिक कार डुलायची, बायकोला मळमळायचं. म्हणून जीपच्या मिस्त्रीकडून स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतली. मग वळण आलं की हीच म्हणायची, "जरा जोरात घ्या की."

आज साखरा गावाजवळ गावकऱ्यांनी मुरूम टाकून केलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. खालची बॅटरी चेपली, गाडी बंद.

"काहून कापल्या वो? मळमळ सोसली असती मी."

कंपनीवाले फोनवर म्हणाले, स्प्रिंगा कापल्या, आता गॅरंटी न्हाई. नवी बॅटरी मला झेपणार न्हाई.

ही बाभळीखाली बसून आहे. घरी चल म्हणलं तर गाडीकडं बघून म्हणते, "तिला एकटी टाकून?"

चेपलेली बॅटरी कुणी दुरुस्त करतं का? हात जोडतो, लवकर लिहा.