माळावर बसलेले गरुड

बाबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वाचायला त्यांना चष्मा लागतो, पण लांबचं माझ्या दुर्बिणीआधी दिसतं. दिवाळीनंतर उत्तरेकडून शिकारी पक्षी यायला लागले की सुटीच्या दिवशी आम्ही बापलेकी मोहाडीच्या पुढे एका तलावाच्या पाळीवर बसून ते मोजतो. घारी, ससाणे दिसतातच. गरुड क्वचित.

गेल्या वर्षी एका सकाळी पाळीवर चढलो आणि बाबांनी माझा दंडच धरला.

"बाई, माळावर पाह्य!"

धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात तिथे गरुड बसले होते. बाबांनी मोजले, चक्क सात! एवढे एकत्र मी कधीच पाहिले नव्हते. आनंदानं मला हसू आवरेना.

"सात नाही बाबा, आठ. झुडपामागं एक आहे."

आम्ही दबकत खाली उतरलो. गरुड माणसाला जवळ येऊ देत नाही, पण यांच्यातला एकही हलला नाही.

"हे उडून काहून नाही राहिले?" बाबा पुटपुटले.

आणखी थोडं पुढे गेलो तेव्हा दिसलं. पंख जमिनीवर पसरलेले, माना लोंबलेल्या, चोचीतून लाळ गळत होती. झुडपामागचा तर मेलेलाच होता. पलीकडे वासराचं अर्धवट खाल्लेलं धड पडलं होतं आणि त्याला फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. मी जागीच थिजले. मघापासून मी हसत हसत मोजत होते ते हे!

"हात नोका लावू जी!" बांधावरून एक शेतकरी ओरडत आला. बाबांच्या ओळखीचाच होता. "जहर हाये त्याच्यात. कुत्र्यायनं माह्यं वासरू फाडलं, म्हणून त्यायच्यासाठीच टाकलं होतं..."

बोलता बोलता त्याची नजर गरुडांवर गेली. तो मटकन खाली बसला.

मी वनखात्याला फोन केला आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही. डॉक्टर म्हणाले, सावलीत न्या, औषधाची बाटली दाखवायला ठेवा. शेतकरी घराकडे पळाला, बाटली आणि रिकामी पोती घेऊन आला. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही तिघांनी एकेक पक्षी उचलून मोहाच्या झाडाखाली नेला. माझा हात फाडू शकतील अशा त्या नख्या ओल्या चिंधीसारख्या लोंबत होत्या. त्याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला. रडूसुद्धा येईना.

डॉक्टर येईपर्यंत आणखी दोन गेले. उरलेल्यांना इंजेक्शनं दिली. दुपार कलल्यावर एकानं मान उचलून माझ्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा कुठे माझा बांध फुटला.

शेतकऱ्यानं वासरू खोल पुरलं. "मीच टाकलं जी," असं वनखात्याच्या माणसांना त्यानं स्वतःहून सांगितलं. त्याच्यावर केस झाली.

पाचपैकी चार वाचले. काही दिवसांनी त्यांना सोडलं, त्या दिवशी तो शेतकरीही आला होता, लांब बांधावर उभा. बाबांनी हाक मारून त्याला जवळ घेतलं. शेवटचा गरुड रानाकडे दिसेनासा झाला तेव्हा तो म्हणाला, "एवढे मोठे पक्षी आपल्या इकडं येतेत, मले मालूमच नव्हतं."

बाबांनी माझी दुर्बीण घेऊन त्याच्या हातात दिली.