ताजबींची धूरकोठी

ताजबी इस्माईल पत्रेवाले यांची आणि प्रस्तुत लेखिकेची ओळख उरवडे येथील प्रौढ साक्षरता वर्गात सन २००३ मध्ये झाली. शाळेत जाण्याचे वय दोघींचेही केव्हाच उलटून गेले होते. ताजबी जेमतेम पंधरा दिवस आल्या. "शारदाबाई, माझ्या हाताला पेन्सिल लई बारीक वाटतीया," असे म्हणून त्यांनी पाटी खाली ठेवली ती ठेवलीच. मैत्री मात्र सोडली नाही. त्यांची पुढील हकिकत काही त्यांच्या तोंडून ऐकलेली व काही डोळ्यांनी पाहिलेली आहे. ती लिहून ठेवणे हे लेखिका आपले कर्तव्य समजते.

ताजबी घाट ओलांडून मुठ्याला जात आणि तेथील तीन बंगल्यांत भांडी घासत. त्यांचे पती इस्माईलभाई पिरंगुटच्या बाजारात धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या बनवीत. बंगल्यांतली माणसे शनिवार-रविवारी येत, खात-पीत आणि सोमवारी घासायला ढीग ठेवून जात. ताजबींचा हात स्वयंपाकात बसलेला होता, पण बंगल्यांत तो कोणाला ठाऊक नव्हता. राखेने काळवंडलेली आपली बोटे पाहून त्यांना वाटे, की एवढीच का या हाताची ओळख?

तीनपैकी एक बंगला अमोघ देशपांडे यांचा होता. ते मूळचे लातूरचे असून हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरीस होते. सन २००६ च्या श्रावणात त्यांनी परदेशातून एक स्मोकर आणला. स्मोकर म्हणजे धूर कोंडून त्यात अन्न सावकाश शिजवण्याची झाकणाची पेटी. अमोघरावांनी मक्याची कणसे सोलून आत मांडली, दोन तास वाट पाहिली आणि पहिले कणीस मोठ्या हौसेने ताजबींच्या हाती दिले.

"कसं झालंय, मावशी?"

ताजबींना खोटे बोलता येत नसे. "दादा, ह्ये कणीस न्हाई, खुंटी हाय."

"मग काय चुकलं?"

"कणसाचं लुगडं फेडलंत की वो तुमी! उघड्यावाघड्याला धुरात बसवलं, मग त्ये वाळणार न्हाई तर काय हुईल?"

अमोघराव पोट धरून हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच करून दाखवा."

पुढच्या शनिवारी ताजबींनी करून दाखवले. त्यांनी कणसाची पाने न तोडता मागे सारली, आतले केस काढले, पाने पुन्हा पांघरून त्याच पानाच्या पट्टीने गाठ मारली. मग कणसे मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवली. निखाऱ्यावर जांभळीच्या ढलप्या टाकून मंद धूर धरला. दीड तासाने पान उलगडले तेव्हा दाणा टपोरा, पिवळाधमक आणि रसाने भरलेला निघाला, आणि धुराचा वास त्यात असा उतरला होता की अमोघराव लिंबू-मीठ लावायचेही विसरले.

घरी आल्यावर ताजबींनी पतीला सांगितले, "मला एक कोठी करून द्या. खाली जाळ, वर जाळी, अन् बाजूला हवेला झडप."

इस्माईलभाई म्हणाले, "आजवर कोठीत दाणा भरला. धूर भरा म्हणणारी तूच पहिली." परंतु त्यांनी काळा पत्रा निवडून, कारण जस्ताचा पत्रा तापला की वास मारतो, आठ दिवसांत कोठी उभी केली. ताजबींनी तिला धूरकोठी हे नाव दिले आणि मुठ्याच्या रस्त्याकडेला मांडली.

लाकूड विश्राम पुरवीत असे. विश्राम हा मुठ्याचाच शेतकरी, जिभेने तिखट आणि मनाने मऊ.

"ताजबी, कणसाला दमा लागंल की गं!" तो म्हणाला.

"तुला येवढ्या बिड्या फुकून लागला न्हाई, माझ्या कणसाला कसा लागंल?"

दोन वर्षांत धूरकोठीची चव बंगल्याबंगल्यांत पोहोचली. सन २००८ च्या भाद्रपदात अमोघरावांनी आपल्या कचेरीतील साठ माणसांना मुठ्यास बोलावले, आणि तेही केवळ ही कणसे खाण्यासाठी. ते ताजबींना म्हणाले, "मावशी, त्यांना आवडलं तर हंगामातला एकही शनिवार तुम्हाला रिकामा मिळणार नाही." ताजबींनी मनाशी ठरवून टाकले की कणसे पसंत पडली तर भांड्यांची कामे सोडायची. हा हात पुढे कणसांवरूनच ओळखला जाईल.

इस्माईलभाईंनी त्या दिवसासाठी दुसरी, लहान कोठी करून आणली. दोन्ही कोठ्या अमोघरावांच्या बंगल्याच्या अंगणात मांडल्या आणि सकाळी दहाला मोठ्या कोठीत नव्वद कणसे चढली. पाहुणे एकला येणार होते. ताजबींचा नियम असा होता, की प्रत्येक ढलपी हातात घेऊन, साल पाहून आणि वास घेऊनच विस्तवात घालायची. त्या सकाळी अमोघराव कॅमेरा घेऊन उभे होते. ताजबी नवे पातळ नेसल्या होत्या. त्यांनी पाटीतली लाकडे ओंजळीने उचलली आणि तशीच आत टाकली. पुढे त्या स्वतःच म्हणत, "त्या दिशी मी सोताला लई मोठी समजत हुते."

अकराच्या सुमारास ढलपी घेण्यासाठी त्या वाकल्या आणि त्यांचा हात अधांतरी थांबला. पाटीतल्या एका तुकड्यावर डांबरासारखा काळा, ओला ओघळ होता.

"विश्राम, ह्ये लाकूड कुटनं आणलंस?"

"पलीकडं प्लाट पाडत्यात न्हवं का? मशिनीनं झाडं लोळवल्यात, फोडून ढीग लावलाय. जांभळंच हायेत समदी."

"साल न्हाई, पान न्हाई, तुला काय कळलं जांभळ का काय त्ये? ह्यो बिब्बा हाय!"

मावळातला कोणताही माणूस बिब्ब्याच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही. टाचेत काटा मोडला तर बिब्बा औषध आहे, पण त्याचा चीक किंवा धूर अंगाला लागला तर बिब्बा उततो, म्हणजे कातडी सुजते व फोड येतात. ताजबींच्या लहानपणी त्यांच्या वाडीतील हैबतराव नावाच्या तरण्याबांड गड्याने होळीत चुकून बिब्ब्याचे लाकूड घातले होते. आठ दिवस त्याचे डोळे उघडले नव्हते. माणसे झाडे तोडतात तेव्हा हे झाड टाळतात. यंत्राला ते कोण सांगणार?

विश्रामचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आत एखादी ढलपी गेली असंल, नायतर न्हाई बी. धुराला कोण वळखतंय? गप ऱ्हा. येवढा तुझा मानाचा दिस."

ताजबींनी कोठीकडे पाहिले. नव्वद कणसे आत होती, आणि साठ माणसे यायला निघाली होती. बोलले नाही तर कदाचित काहीच होणार नव्हते. बोलले तर झालेले नाव हातचे जाणार होते. त्यांनी पदर नाकातोंडावर घट्ट बांधला.

"समद्यांनी वाऱ्याच्या अंगाला व्हा! झडप लावा. पाणी मारू नका, वाफ उठंल. जाळाला कोंडूनच मरू द्या."

अमोघराव धावत आले. सर्व ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मावशी, वरची कणसं तरी नाही का चालणार?"

"न्हाई दादा. तुमच्या कंपनीची माणसं चांगली तोंडं घिऊन येत्यात, ती तशीच माघारी गेली पायजेत."

विस्तव थंड झाल्यावर हाताला तेल चोळून, कापड गुंडाळून त्यांनी नव्वद कणसे खड्ड्यात पुरली. म्हशींपुढेही टाकू दिली नाहीत. पाहुणे येऊन उभे राहिले तेव्हा अमोघराव काही सबब शोधू लागले, पण ताजबी स्वतः पुढे झाल्या. बंगल्याच्या पुढल्या दाराशी त्या प्रथमच उभ्या होत्या.

"कणसं केली हुती. जाळात वाईट लाकूड गेलं, म्हणून पुरली. चूक माझी हाय, मी लाकूड बघितलं न्हाई. अडीच-तीन तास थांबत असाल तर पुन्यांदा करते. भूक लागली असंल तर घरात भाकरी-पिठलं हाय."

मग ऋतिका नावाची एक मुलगी पुढे आली आणि तिने विचारले, "मावशी, आम्ही काही मदत करू का?"

"केस काढता येत्यात का?"

"डोक्यावरचे?" मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

विश्राम तोवर नाहीसा झाला होता. तो आपल्या शेतातील कणसांची दोन पोती खांद्यावर आणि आंब्याची अख्खी वाळकी फांदी, पानांसकट, ओढत घेऊन आला. "ह्ये पान बघ. ह्ये साल बघ. मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल."

ताजबींनी पान चुरगळले, साल नखाने खरवडली, वास घेतला. "शिव्या उद्या घालीन. आदी फोड."

इस्माईलभाईंची नवी लहान कोठी पेटली. साठ शिकलेली माणसे अंगणात मांडी घालून कणसांना पाने पांघरू लागली. ज्याची गाठ सुटे त्याला ताजबी सर्वांदेखत पुन्हा बांधायला लावीत. चारला पहिला घाणा निघाला. अंगणात एवढी शांतता झाली की ताजबींना धास्ती वाटली, पण सगळ्यांची तोंडे भरलेली होती. ऋतिकाने आपली दोन संपवून शेजाऱ्याच्या ताटातले तिसरे उचलले. त्यावरून जो दंगा झाला तो ऐकून ताजबी पाठ फिरवून विस्तव सारू लागल्या. डोळ्यांत पाणी होते, आणि त्याचा आळ त्यांना धुरावर घालायचा होता.

त्या हंगामात धूरकोठीला एकही शनिवार रिकामा मिळाला नाही. दिवाळीपूर्वी ताजबींनी तिन्ही बंगल्यांची भांडी सोडली. अमोघरावांनी दुसरी बाई शोधली आणि तिला बजावले, की पूर्वीच्या बाई आता स्वयंपाकाच्या मोठ्या मानकरी आहेत.

पुढच्या वर्षी इस्माईलभाईंनी पुरुषभर उंचीची कोठी बनवली. तिच्यावर पत्नीचे नाव रंगवावे अशी त्यांची फार इच्छा होती. वर्गात शेवटपर्यंत टिकलेल्या लेखिकेस त्यांनी पांढरा रंग व कुंचला घेऊन बोलावले. ताजबींनी लेखिकेचा कुंचला धरलेला हात मध्येच थांबवला.

"नाव कशाला? नाव लोकांच्या तोंडी हाय. शारदाबाई, तितं येवढंच लिवा, की लाकूड मला दाखवल्याबिगर पेटवू नका."