उंबराची गिटार

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे मित्र सुहास देवरे यांचे गेल्या महिन्यात निधन झाले असले, तरी त्यांनी दिगंबर मास्तरांवर उगवायला घेतलेला सूड त्यांच्या पश्चातही ठरल्याप्रमाणे पार पडला आहे. आप्तेष्टांनी याची नोंद घ्यावी. मास्तरांनी घेतलीच आहे.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. पोटावर टाके, नाकात नळी, आणि चेहऱ्यावर कुणाची तरी जिरवल्याचा तोच जुना आनंद. मला जवळ बोलावून म्हणाला, "मी गेलो की मास्तर घरी येणार. गिटारसमोर डोकं टेकवणार. तेव्हा खरं काय ते सांगून टाक त्याला." म्हटलं, "बरा हो आणि तूच सांग." तर म्हणाला, "मी सांगितलं तर तो माझा जीव घेईल. नंतर काय घेणार?" मग हसू आवरायला टाक्यांवर हात दाबून बसला... मी शब्द दिला. असला शब्द पाळायची इतकी घाई मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

नव्वदच्या दशकात लग्नाकार्यांत आणि गणपतीत मास्तरांचा ऑर्केस्ट्रा गाजायचा. वाद्यं मास्तरांची, माइक मास्तरांचा, मधले विनोदही मास्तरांचेच. सुहास सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता आणि संध्याकाळी मास्तरांची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. एका गणपतीत, भरल्या चौकात, मास्तरांनी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि मुंबईहून आलेल्या आपल्या मेहुण्याच्या गळ्यात घातला. वर माइकवरून म्हणाले, "गिटार माझी. गळा कुणाचा, ते मी ठरवणार." पब्लिक हसलं. सुहास रिकाम्या हातांनी खाली उतरला आणि माझ्या कानात म्हणाला, "ह्याच चौकात ह्याला माझ्या गिटारच्या पाया पडायला लावतो की नाही, बघ." अडचण एवढीच होती की त्याच्याकडे गिटार नव्हती.

विकतची परवडत नव्हती, म्हणून घरीच बनवायची ठरली. आकार ठरला, मापं मिळाली. घोडं अडलं ते लाकडावर. स्कूटरवर बसून आम्ही वखारी पालथ्या घातल्या. सागाचा भाव ऐकल्यावर दोघांनीही वखारवाल्याकडे प्यायला पाणी मागितलं. शिसवाचं तर नावच काढलं नाही. बाभूळ स्वस्त होती. तिचा एक ठोकळा सुहासने गळ्याशी धरून पाहिला आणि खाली ठेवला. "हिच्यावर दोन गाणी उभ्याने होतील, तिसरं मला आडवं पडून वाजवावं लागेल." आंबा हलका आणि खिशाला झेपणारा, पण ओला. फळीवर बोटाने टकटक करून कलिंगड घेताना लावतात तसा त्याने कान लावला. "हिला अजून झाडाची आठवण येतेय. वाळता वाळता वाकेल." प्लायवूड त्याने नुसतं कडेनं पाहिलं आणि नाक मुरडलं. शेवटी वखारवाला वैतागला. "साहेब, नक्की बनवायचंय काय? पाट की पलंग?"

"सूड," सुहास म्हणाला.

"मग सागच घ्या. टिकतो."

लाकूड मिळालं ते कारखान्याच्या भंगारात. परदेशातून मोठं मशीन आलं होतं, त्याचं खोकं मोडून पडलेलं. पांढुरकं पाइन, हलकं, वाळून खणखणीत झालेलं. साहेबांना विचारून त्याने फळ्या घरी आणल्या, कडा रंधून सरस लावून एकमेकींना जोडल्या, शिकंज्यात आवळल्या. मऊ लाकडाची मान तारांच्या ताणाने वाकते, म्हणून मानेपुरता साग, तोही मोडलेल्या खिडकीच्या चौकटीतला. घरात तो आणि त्याची थोरली बहीण आक्का, दोघंच. तिच्या लेखी लाकूड म्हणजे लाकूड; कुठलं, ते तिने विचारलंच नाही. पहिली तार छेडली तेव्हा आक्का आतून म्हणाली, "मिक्सर बिघडला का रे?" सुहास एवढा खूश झाला की पुन्हा पुन्हा तीच तार छेडत बसला.

पुढच्या गणपतीत त्याच चौकात आम्ही गिटार घेऊन गेलो. इथे मास्तरांबद्दल एक सांगायला हवं. ते कट्टर दत्तभक्त. दर पौर्णिमेला गाणगापूर, आणि रस्त्यात उंबर दिसला की चालत्या स्कूटरवर चपला काढून नमस्कार. का, तर उंबराखाली दत्ताचा वास. तर हे मास्तर स्टेजवर आले, स्पीकरला टेकवून ठेवलेल्या गिटारला बुटाच्या टोकाने ढोसलं आणि माइकमध्ये म्हणाले, "हे काय, आक्काचा पोळपाट?" पब्लिक पुन्हा हसायच्या बेतात होतं. सुहासचा चेहरा एकदम देवळात गेल्यासारखा झाला. हळूच म्हणाला, "मास्तर... पाय काढा. उंबराचं लाकूड आहे."

ही बातमी मलाही तिथेच कळली.

"काय सांगतोस?" मास्तरांचा आवाज फाटला.

"दिंडोरीकडच्या एका मळ्यातला. वादळात आपसूक पडला. कुऱ्हाड लावलेली नाही."

मास्तरांनी बूट काढले. मोजे काढले. कान पकडले आणि भरल्या चौकात त्या खोक्यावर कपाळ टेकवलं. कुणीतरी शिट्टी मारली. ती मीच मारली होती. एवढ्यात मेहुणा गिटार घ्यायला पुढे झाला, तर सुहासने त्याला अदबीने अडवलं. "ही सोवळ्यातली आहे. दुसऱ्याच्या गळ्यात चालत नाही." त्या दिवशी मेहुण्याच्या हातात खंजिरी आली, ती कायमची.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाआधी मास्तर गिटारला हार घालून नमस्कार करू लागले. सुहास डोळे मिटून उभा राहायचा. लोकांना तो भक्तिभाव वाटे... आतून तो उकळ्या फुटून फुटून गदगदत असायचा. पण उंबराची कीर्ती फिरत फिरत आक्कापर्यंत पोचली आणि गिटार देवघराशेजारच्या भिंतीवर गेली. हळदकुंकू सुरू झालं, दत्ताचा वार म्हणून गुरुवार कडक झाला. पुढे दिंडोरीला वायनऱ्या झाल्या, तिथलं एक चांगलं बोलावणं आलं, ते आक्काने परस्पर फिरवलं: "उंबर दारूपाशी नेशील?" आणि आक्काला खरं सांगणं म्हणजे भद्रकालीच्या भाजीबाजारात भोंगा लावणं! मास्तरांना एका तासात कळलं असतं. त्यामुळे सुहास गप्प राहिला. सूड जपायचा म्हणजे पथ्य आलंच.

दिवसवार आटोपल्यावर मास्तर आले. गुडघे गेलेले, हातात काठी, सोबत मेहुणा. फोटोला हार घालून ते भिंतीवरच्या गिटारकडे वळले आणि कण्हत कण्हत वाकले. वाटलं होतं, त्यांना असं वाकताना पाहून माझा जीव कळवळेल. नाही कळवळला. कपाळ नीट टेकेपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "मास्तर, सुहासचा एक निरोप आहे."

गिटार उतरवली, मागच्या पट्टीचे स्क्रू काढले. आतल्या कोनाड्यात, मुद्दाम न घासता ठेवलेल्या लाकडावर, काळ्या शाईत छापलेलं होतं... काचेचा प्याला, छत्री आणि वर बोट दाखवणारे दोन बाण. मास्तरांनी चष्मा लावला.

"हे तर मशीनच्या खोक्यावर असतं."

"तेच आहे."

"अरे, पण मी भरल्या चौकात बूट काढले होते..."

"मोजेसुद्धा," मी आठवण करून दिली.

मेहुणा खिडकीकडे तोंड करून खोकला. त्याचे खांदे मात्र खोकल्यासारखे हलत नव्हते. मास्तर भिंतीला धरून खाली बसले. माझा शब्द पाळून झाला होता आणि मी टाळी द्यायला सवयीने बाजूला हात केला... तिथे कुणी नव्हतं.

दारात चहाचा ट्रे घेऊन आक्का उभी होती. कधीची, कोण जाणे. तिने ट्रे खाली ठेवला, गिटारच्या पोटातली ती छत्री जवळ येऊन पाहिली, मग हार घातलेल्या फोटोकडे वळली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "मेल्या, सांगायचंस ना रे! ह्या खोक्यापायी मी तुला गुरुवारचं ऑम्लेट कधी करून दिलं नाही!"