सुमनबाई आणि उकळता चुना

सुमनबाईच्या मुलीचा, ज्योतीचा, गडचिरोलीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पोंभुर्ण्याच्या आमच्या शेडमध्ये लाद्यांवरची गोणपाटं भिजवत होते. "काकू, आई गेली." मेंदूचा मलेरिया, पाच दिवसांचा ताप. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी भीतीच वाटली... आता चुना कोण विझवणार?

आम्ही सहा बायका चुना, राख आणि वाळू कालवून हातयंत्रावर लाद्या दाबतो. त्या भट्टीत भाजायच्या नसतात. ओल्या गोणपाटाखाली महिनाभरात आपसूक टणक होतात. जळण लागत नाही. पण आधी कळीचा चुना टाक्यातल्या पाण्यात विझवावा लागतो, आणि ते पाणी बघता बघता उकळायला लागतं. हे काम सुमनबाई एकटी करायची. पहिल्याच वर्षी मी अतिउत्साहात चुन्याच्या ढेकळांवर बादली ओतली होती. फाडकन आवाज झाला, डोळ्यात आग शिरली. तिनं मानगूट धरून मला नळाखाली वाकवलं. "डोया उघडा ठेव व! चोळू नको!" कितीतरी वेळ ती पाणी सोडत राहिली. डोळा वाचला, पण मी पुन्हा टाक्याजवळ फिरकले नाही. "तू लाद्या पाह्य," ती म्हणाली, "चुना माह्याकडे."

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी अंगणवाडीच्या लाद्यांसाठी चुना विझवायची वेळ आली. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी ज्योतीला गाठलं. "मले नाई जमत. तुह्या आईसारखी छाती नाई माही."

ज्योती म्हणाली, "काकू, चुन्याच्या दिवशी आईले सकाळी उलटी होये. भेवानं. दरवेळी."

"मंग आमाले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी समद्या घरी पळून गेल्या असत्या, म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी बायकांना सांगून टाकलं, "मले लय भेव वाटून राह्यलं." कोणीही घरी गेली नाही. मी डोळ्यांच्या बचावाचा जाड चष्मा चढवला, पाण्यात एकेक ढेकूळ सोडलं. टाकं उसळलं तशी किंचाळून मागे पळाले, मग परत आले.

आजही टाकं उसळलं की मी मागे पळते. पण दोघीजणी थंड पाण्याच्या बादल्या धरून माझ्या मागे उभ्या असतात. सुमनबाईच्या मागे इतकी वर्षं आम्ही कोणीच उभ्या नव्हतो...